एका प्रथिनाचे उपसर्ग

गेल्या अंकांत तिथीच्या क्षयवृद्धीविषयीं लिहितांना पुढील खेपेसही पंचांगाचाच विषय चालविण्याचें मीं कबूल केलें होतें. तें वचन मोडावें लागत आहे, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. कारण घरगुती आहे. आणि हें मासिक घराघरांतून मोठ्यानें वाचलें जात असल्यामुळें घरगुती कारण येथें सांगण्यास संकोच वाटत नाहीं.

माझे वडील बंधु निवर्तल्याला बरींच वर्षें झालीं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, याचीं दोन्ही मूत्रपिंडें ऐन तिशींत निकामी झालीं, आणि दोन वर्षांपूर्वीं वहिनींनीं आपलें एक मूत्रपिंड त्यास दिलें. शस्त्रक्रिया पुण्यास झाली. मायलेंक सुखरूप घरीं आलीं, घरांत सत्यनारायण झाला, आणि आम्ही सर्व मंडळी ती गोष्ट हळूहळू विसरूं लागलों. वास्तविक ती विसरण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या गोळ्या सकाळीं आठ वाजतां आणि रात्रीं आठ वाजतां, जन्मभर, न चुकतां घ्यावयाच्या होत्या. यंदा वैशाखांत घरीं लग्नकार्य निघालें. पाहुण्यांची वर्दळ, जागरणें, जेवणाच्या अवेळ्या. पुतण्याची रात्रीची गोळी प्रथम चुकून राहिली. मग, कांहींच बिघडलें नाहीं असें पाहून, त्यानें ती राहूं दिली. पुढें रक्त तपासलें तेव्हां क्रिएटिनिन चढलेलें निघालें. पुन्हां पुणें, पुन्हां रुग्णालय, शिरेंतून स्टेरॉइडचीं इंजेक्शनें. वेळेवर पोंचल्यामुळें मूत्रपिंड बचावलें. पण निघतांना डॉक्टर त्यास म्हणाले, “तुमच्या शरीरानें तुमच्या आईला अजून ओळखलेलं नाहीं, एवढं लक्षांत ठेवा.” वहिनी शेजारींच उभ्या होत्या.

घरीं आल्यावर दोन दिवस त्या कांहींच बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं दुपारीं ओटीवर तांदूळ निवडतां निवडतां म्हणाल्या, “भाऊजी, नऊ महिने मीं त्याला पोटांत वाढवलं. माझ्याच रक्तामांसाचा तो. मग त्याच्या अंगाला माझं मूत्रपिंड परकं कसं? तुम्हीं जन्मभर पोरांना शिकवलंत, एवढं मला सांगा.”

मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला मनुष्य. शिकविलें तें संस्कृत आणि मराठी. शास्त्राचा तास लागला कीं आमची स्वारी वर्गाबाहेर. परंतु प्रश्न टाळतां येण्यासारखा नव्हता. माझी नात पुण्यास जीवशास्त्राची एम्.एस्सी. करीत आहे, तिला गाठलें. चार महिने ती मला शिकवीत होती, आणि कंटाळून एकदां म्हणाली, “आजोबा, तुम्ही हें सगळं संस्कृतांतच समजून घ्या, म्हणजे लवकर कळेल.” मुलीनें थट्टेनें सांगितलेलें मीं अक्षरशः मनावर घेतलें, आणि आश्चर्य असें कीं तीच वाट नीट निघाली.

वहिनींच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर सोपें आहे. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर त्या त्या देहाचीं ओळखचिन्हें असतात. अपत्यास त्यांतील एक अर्धा भाग मातेकडून व दुसरा पित्याकडून मिळतो. म्हणजे पुतण्याच्या अंगीं वहिनींचीं अर्धींच चिन्हें आलेलीं आहेत. जीं अर्धीं आलीं नाहींत, तीं त्याच्या देहानें जन्मांत कधीं पाहिलेलीं नाहींत. आणि मूत्रपिंड आलें तें तीं अर्धीं चिन्हेंही घेऊन. मातेचें म्हणून देह त्यास सूट देत नाहीं. देहास नातें ठाऊक नसतें. चिन्हें ठाऊक असतात.

हीं चिन्हें वाचण्याचें काम रक्तांतील ज्या पांढऱ्या पेशी करतात, त्यांतील एका जातीस टी पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागें थायमस नांवाची ग्रंथि आहे, तेथें या तयार होऊन बाहेर पडतात, म्हणून टी. एरवीं या पेशी निजल्यासारख्या फिरत असतात. परकें चिन्ह पटलें कीं मात्र तीच पेशी जागी होते, वाढते, तिच्यासारख्या सहस्रावधि होतात आणि परक्यावर तुटून पडतात. रोगजंतु असेल तर आपण वांचतों. मूत्रपिंड असेल तर तें जातें.

आतां खरा प्रश्न असा कीं, पेशीच्या बाहेरील कातडीला परकें चिन्ह लागलें ही वार्ता आंत, जेथें जनुकांची पोथी बांधून ठेवलेली आहे त्या केंद्रकापर्यंत, कोण नेतो? कारण पोथीचें योग्य तें पान उघडल्याखेरीज पेशी कांहींच करूं शकत नाहीं. हा दूत म्हणजे एक प्रथिन आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जेराल्ड क्रॅबट्री यांच्या प्रयोगशाळेनें १९८८ सालीं त्याचा माग लाविला. आणि १९९३ सालीं, भारतांत पदार्थविज्ञान शिकून हार्वर्डला गेलेल्या अंजना राव यांनीं सहकाऱ्यांसह बोस्टन येथें त्याचें जनुक हस्तगत केलें. ‘उद्दीपित टी पेशींचा केंद्रकीय घटक’ अशा अर्थाच्या लांबलचक इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून त्यास ‘एनफॅट’ म्हणतात. हें नांव पुढें अपुरें ठरलें. एनफॅट हें एक प्रथिन नसून पांच भावंडांचें कुटुंब आहे, आणि तें टी पेशींतच असतें असेंही नाहीं. त्यांतील एक भाऊ नसेल तर उंदराच्या गर्भांत हृदयाच्या झडपाच नीट बनत नाहींत, असें १९९८ सालीं आढळलें. तोच भाऊ हाडें पोखरणाऱ्या पेशींसही लागतो. पण नांव एकदां रूढ झालें म्हणजे झालें. चिखलांत बेडूकही जन्मतो, तथापि त्यास कोणी पंकज म्हणत नाहीं.

हा दूत केंद्रकांत शिरतो कसा, तो प्रकार मोठा मनोरंजक आहे. निजलेल्या पेशींत एनफॅट केंद्रकाबाहेर असतो, आणि त्याच्या अंगावर ठिकठिकाणीं फॉस्फेटचे कण चिकटलेले असतात. त्यांच्यामुळें त्याचा आंत जाण्याचा परवाना झांकून गेलेला असतो. बाहेरून परक्या चिन्हाची खूण पटली कीं पेशींतील कॅल्शियमचा सांठा सुटतो, आणि सांठा रिता झाल्याची वर्दी लागतांच पेशीच्या भिंतींतील एक द्वार उघडून बाहेरचें कॅल्शियम आंत लोटूं लागतें. या द्वाराचें प्रथिन २००६ सालीं सांपडलें. तें सांपडलें एका दुःखद वाटेनें: एका कुटुंबांतील बालकांना जन्मतःच प्रतिकारशक्ति नव्हती, टी पेशी पुरेशा होत्या, पण जाग्या होत नव्हत्या. द्वाराच्या प्रथिनांत ३०१ अमिनो आम्लांची सांखळी असते, तींत ९१व्या जागीं एक आम्ल बदललेलें निघालें. पाणिनीच्या सूत्रांत एका अक्षराची चूक झाली तर काय अनर्थ होतो, हें आम्ही वर्गांत सांगत असूं. तेथें निदान मुलें मरत नाहींत. या द्वारास शास्त्रज्ञांनीं ग्रीक पुराणांतील स्वर्गाच्या द्वारपालिकांवरून ‘ओराय’ असें नांव दिलें आहे. आमच्याकडचे जय-विजय त्यांस ठाऊक नसावेत.

असो. कॅल्शियम आंत आलें कीं कॅल्सिन्युरिन नांवाचें एक कामकरी प्रथिन जागें होतें आणि एनफॅटच्या अंगावरील फॉस्फेट उतरवूं लागतें. एका भावाच्या अंगावरून तर तेरा जागचे फॉस्फेट उतरावे लागतात. ते उतरले कीं परवाना उघडा पडतो, आणि दूत केंद्रकांत जाऊन जनुकांच्या पोथीवर ठराविक अक्षरें शोधून तेथें बसतो. कॅल्शियम ओसरलें कीं दुसरीं प्रथिनें पुन्हां फॉस्फेट चिकटवितात आणि त्यास बाहेर काढतात. म्हणजे एकदां आंत गेला तो कायमचा गेला, असें नाहीं. द्वार उघडें असेपर्यंतच त्याचा मुक्काम.

येथपर्यंत मला समजलें, आणि आपण फार शहाणे झालों असें वाटूं लागलें. मग नातीनें विचारलें, “आजोबा, आंत गेल्यावर तो करतो काय?” मी म्हटलें, पेशीला लढावयास लावतो. ती म्हणाली, “नेहमींच नाहीं.”

संस्कृत शिकलेल्या वाचकांस ‘हृ’ धातु आठवत असेल. त्याचा स्वतःचा अर्थ नेणें, हरण करणें एवढाच. पण त्यास ‘आ’ लागला कीं आहार होतो, ‘वि’ लागला कीं विहार, ‘प्र’ लागला कीं प्रहार, ‘सं’ लागला कीं संहार, आणि ‘परि’ लागला कीं परिहार. धातु एकच, पुढें जो उपसर्ग येऊन उभा राहील तो त्यास ओढून नेईल तिकडे अर्थ जातो. पहिल्या वर्षाच्या मुलांना याची गंमत वाटत असे, आणि मलाही शिकवितांना दरसाल वाटत असे. एनफॅट हा असा धातु आहे.

परकें चिन्ह पटलें, आणि त्याबरोबरच ‘येथें खरोखर संकट आहे’ अशी दुसरी खूणही मिळाली, तर केंद्रकांत फॉस आणि जुन या नांवांचीं दोन प्रथिनें जोडीनें तयार असतात. एनफॅट त्यांच्याशीं अंगाला अंग लावून पोथीवर बसतो. ही त्रिमूर्ति डी.एन.ए.वर कशी बसते, तिचें चित्रच १९९८ सालीं स्फटिकाच्या साह्यानें मिळालें. या संगतींत एनफॅट संहार मांडतो: पेशी वाढते, रसायनें सोडते, इतरांस हांक मारते. परंतु दुसरी खूण मिळालीच नाहीं, म्हणजे चिन्ह तर परकें पण संकट दिसत नाहीं, तर फॉस-जुन येत नाहींत. एनफॅट एकटाच पोथीवर जातो आणि निराळींच पानें उघडतो. त्यांच्या योगें ती पेशी त्या चिन्हापुरती निष्क्रिय होऊन बसते. हें २००२ सालीं दाखविलें गेलें. एका साक्षीदारावर शिक्षा देऊं नये, हा संकेत देहास आपल्याआधींपासून ठाऊक होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तिसरी संगत सर्वांत विलक्षण. टी पेशींत एक लहानसा वर्ग असा आहे कीं त्याचें काम लढण्याचें नसून लढाऊंस आवरण्याचें आहे. त्या पेशींत फॉक्स-पी-तीन नांवाचें प्रथिन असतें. ज्या मुलांत तें जन्मतः सदोष असतें, त्यांच्या देहाची सेना स्वतःच्याच आंतड्यांवर, स्वतःच्याच कातडीवर उलटते. या शांतिरक्षक पेशींच्या शोधाबद्दल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची यांना २०२५ चें वैद्यकांतील नोबेल पारितोषिक मिळालें. आणि अंजना राव यांच्याच मंडळींनीं २००६ सालीं असें दाखविलें होतें कीं, हा फॉक्स-पी-तीन एकट्याच्या बळावर शांति राखीत नाहीं. फॉस-जुन जेथें उभे राहावयाचे त्या जागीं तो एनफॅटच्या शेजारीं उभा राहतो. तोच धातु, तेंच पान. पण संहाराच्या जागीं परिहार.

हें वाचून झालें त्या दिवशीं मीं वहिनींना हांक मारली, कारण त्यांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग येथें होता. त्यांनीं विचारलें होतें तें मूत्रपिंडाविषयीं. पण नऊ महिन्यांचा उल्लेख केला होता, आणि तो मला टोंचत होता. पुतण्या पोटांत असतां त्याच्या अंगावर दादांचीं अर्धीं चिन्हें होतींच. वहिनींच्या देहास तीं परकींच होतीं. तरी त्यांच्या टी पेशींनीं त्याजवर शस्त्र उचललें नाहीं. गर्भाशयाच्या ठायीं याची तजवीज अनेक प्रकारांनीं केलेली आहे. परंतु तींतील एक ही कीं, गर्भारपणीं मातेच्या देहांत या आवरणाऱ्या पेशी वाढतात. २००४ सालीं उंदरांवर प्रयोग झाला, त्यांत या पेशी काढून घेतलेल्या माद्यांच्या पोटीं भिन्न चिन्हांच्या पित्याचे गर्भ टिकले नाहींत.

वहिनींनीं सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, “म्हणजे मीं त्याला सांभाळून घेतलं, आणि तो मला घेत नाहीं.”

त्यावर मीं सांगितलें कीं, दोष पोराचा नाहीं, प्रसंगाचा आहे. गर्भ मुंगीच्या पावलानें येतो. मूत्रपिंड येतें तें सुरी, टांके, रक्त कांहीं वेळ थांबलेलें आणि पुन्हां सुटलेलें, अशा गडबडींत. ‘संकट आहे’ ही दुसरी खूण तेथें आपोआप मिळते, आणि फॉस-जुन तयारच असतात. वहिनींना हें पटलें कीं नाहीं, कोण जाणे. तांदळाचें सूप घेऊन त्या आंत गेल्या.

आतां त्या गोळीकडे येऊं. तिचें नांव टॅक्रोलिमस. तिची थोरली बहीण सायक्लोस्पोरिन. दोघींचा जन्म मातींतला. नॉर्वे देशांत हार्दांगरव्हिद्दा म्हणून उघडें पठार आहे. तेथून १९६९ सालीं सुटीवर गेलेल्या एका कर्मचाऱ्यानें मूठभर माती पिशवींत घालून स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें आपल्या कंपनींत नेली. त्या मातींतील बुरशींतून सायक्लोस्पोरिन निघालें, आणि १९७२ सालीं त्याचा प्रतिकारशक्ति दबविण्याचा गुण लक्षांत आला. १९७८ सालीं केंब्रिज येथें रॉय काल्न यांनीं मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांस तें दिलें, आणि १९८३ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. टॅक्रोलिमस निघालें तें जपानांतील त्सुकुबा पर्वताच्या पायथ्याच्या मातींतून, १९८४ सालीं. त्या नांवांतील ‘ट’ हा त्सुकुबाचा. दोन औषधांची घडण एकमेकींशीं मुळींच जुळत नाहीं. पेशींत गेल्यावर दोघी निरनिराळ्या प्रथिनांस चिकटतात. तरी परिणाम एकच. याचें कोडें १९९१ सालीं उलगडलें: दोन्ही जोड्या शेवटीं जाऊन बसतात त्या त्याच कॅल्सिन्युरिनवर. त्याचे हात बांधले गेले कीं फॉस्फेट उतरत नाहींत, परवाना उघडत नाहीं, आणि एनफॅट दारांत तिष्ठत राहतो. म्हणजे औषध चालूं लागल्यावर आठ-तेरा वर्षांनीं तें कां चालतें हें समजलें. यांत नवल नाहीं. भाषा आधीं असते, व्याकरण मागून येतें.

एवढें कळल्यावर पुतण्याची चूक काय झाली, तें माझ्या मनांत प्रथमच स्पष्ट झालें. मला वाटत होतें कीं औषधानें शरीर हळूहळू ‘सुधारतें’, आणि सुधारल्यावर थोडी ढील चालावी. तसें नाहीं. गोळीनें टी पेशी मरत नाहींत, त्यांचें स्मरणही जात नाहीं. फक्त एक हात धरून ठेवलेला असतो. रक्तांतील औषध उतरलें कीं हात सुटतो, आणि दारांत उभा असलेला दूत त्याच दिवशीं आंत जाऊं शकतो. पुतण्यास मीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, “काका, हें मला आधीं कोणी असं सांगितलं असतं तर!” डॉक्टरांनीं सांगितलें असेलच, पण त्या दिवसांत कोणाचें लक्ष शब्दांकडे असतें?

औषधाचा एक अन्याय मात्र सांगितला पाहिजे. तें उपसर्ग पाहत नाहीं, धातूलाच बांधतें. त्यामुळें संहार थांबतो तसा परिहारही अडखळतो. आवरणाऱ्या पेशींचेंही बळ घटतें, आणि रोगजंतूंशीं लढावयाची सोयही कमी होते. कॅल्सिन्युरिन तर इतर पेशींतही असतें. म्हणून कोणाचे हात कांपतात, कोणास मधुमेह जडतो. आणि सर्वांत विचित्र हें कीं औषध अधिक झालें तर ज्या मूत्रपिंडासाठीं तें घ्यावयाचें त्यासच तें बाधतें. कमी झालें तर देह त्यास मारतो, जास्त झालें तर औषध मारतें. मधली वाट अरुंद आहे, आणि ती रक्त तपासूनच सांपडते. आवरणाऱ्या पेशीच रोग्याच्या रक्तांतून काढून, वाढवून, त्यास परत देण्याचे प्रयोग युरोप-अमेरिकेंत झाले. मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांवर तें निर्धोकपणें करतां येतें, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. उपसर्ग बदलण्याची ही खटपट मला फार आवडली. परंतु ती घरोघरच्या उपयोगाची अजून झालेली नाहीं, आणि पुतण्याची रात्रीची गोळी आज रात्रीं आहे.

अरुंद वाटेवरून आठवलें. आमच्या कोंकणांत गणपतीवर माटवी बांधतात, तींत पपनस टांगण्याची चाल आहे, आणि विसर्जनानंतर तें सोलून सर्वांस वाटतात. पपनस व त्याचें विलायती भावंड ग्रेपफ्रूट यांच्यांतील कांहीं द्रव्यें आंतड्यांतील औषध मोडणाऱ्या प्रथिनास अडवितात, आणि रक्तांत टॅक्रोलिमस भलतेंच चढतें. डॉक्टरांच्या कागदावर ही सूचना होती. पहिल्या वर्षीं कोणीं वाचलीच नव्हती. यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशीं मुलें माटवीस पपनस बांधूं लागलीं, तेव्हां मीं तें काढावयास सांगितलें. वहिनी म्हणाल्या, “काढूं नका. टांगायला काय हरकत आहे? त्यानं खायचं नाहीं, एवढंच.” मग विसर्जनाच्या दिवशीं त्यांनीं स्वतः तें सोललें, फोडी मोजल्या, सर्वांस दिल्या, आणि पुतण्याच्या हातावर केळें ठेवलें.

आदल्या रात्रीं आरतीस सर्व मंडळी जमलीं होतीं, झांजा वाजूं लागल्या होत्या. मधल्या घरांतील घड्याळांत आठाला दोन मिनिटें होतीं. वहिनींनीं हात वर करून पोरांच्या झांजा थांबविल्या, आणि पाण्याचा पेला पुढें केला.